छेद उडविण्यापूर्वी
(अपूर्णांकी समीकरणांचा एक पाठ)

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सुचविले की, ट्रस्टच्या अभ्यासवर्गाविषयी दोन-चार पाने लिहून द्यावीत. वर्गात किती मुले आली, किती उत्तीर्ण झाली, ह्याचा तपशील वार्षिक अहवालात येतोच. तोच पुन्हा सजवून मांडण्यात मला गोडी वाटेना. म्हणून म्हटले, वर्गातला एक पाठच जसाच्या तसा कागदावर उतरवावा. सभासदांनी तो कुटुंबासह वाचावा, आणि वाचताना हाताशी एक पेन्सिल व कोरा कागद ठेवावा, एवढीच विनंती.

पाठाचा विषय अपूर्णांकी समीकरणे. नाव ऐकून पुष्कळ पालक पान उलटतील. परंतु घरात कोणी वृद्ध असतील तर त्यांना विचारून पाहा : अधेली, पावली आणि चवली मिळून किती? ते क्षणाचाही विलंब न लावता सांगतील, चौदा आणे. आता त्यांनी केले काय? अर्धा रुपया, पाव रुपया आणि रुपयाचा आठवा भाग ह्या तीन वेगवेगळ्या जातींच्या अपूर्णांकांना त्यांनी आण्यांच्या एकाच जातीत आणले, आठ, चार व दोन ह्यांची बेरीज केली, आणि मोकळे झाले. सोळा हा तिथे समान छेद होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणे-पै हळूहळू व्यवहारातून गेले. त्यांच्याबरोबर पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे पाढेही गेले. हिशेब सोपा झाला ह्यात शंका नाही. परंतु घरोघर आपोआप होणारा समच्छेदाचा सराव त्यामुळे सुटला, हेही खरे.

आता वर्गात घडलेली गोष्ट सांगतो. दहावीतली एक मुलगी. तिची आई घरी साड्यांना टिकल्या लावण्याचे काम करते, आणि शाळा सांभाळून मुलगी तिला हात लावते. दिवाळी तोंडावर होती. व्यापाऱ्याने साड्यांचा एक मोठा लॉट देऊ केला होता. अट एवढीच की, चार दिवसांत काम पुरे झाले पाहिजे. आई एकटी बसली तर तेवढ्या कामाला सहा दिवस लागतात, मुलगी एकटी बसली तर बारा. वडिलांनी हिशेब केला : सहा आणि बारा अठरा, त्याचे निम्मे नऊ, म्हणजे दोघींना मिळून नऊ दिवस. लॉट घेऊ नये, असे घरात जवळजवळ ठरले होते. मुलगी वर्गात आल्यावर म्हणाली, “सर, हे नऊ मला पटत नाही. आई एकटीच सहा दिवसांत करते, मग मी मदतीला बसले तर तीन दिवस वाढतील कसे?”

गणित येण्याची पहिली खूण हीच. उत्तर काय आहे हे माहीत नसले तरी अमुक उत्तर असू शकत नाही, हे तिने ओळखले. मी प्रश्न साऱ्या वर्गापुढे टाकला. कोणी अठरा म्हटले, कोणी तीन. तीन म्हणणाऱ्याने सहाचे निम्मे केले होते. मुलगी आईइतकीच जलद काम करते असे त्याने परस्पर धरून टाकले होते.

खरी वाट अशी. दिवसांची बेरीज करावयाची नसते, एका दिवसात होणाऱ्या कामाची करावयाची असते. आई एका दिवसात लॉटचा १/६ भाग करते, मुलगी १/१२ भाग. दोघींना मिळून क्ष दिवस लागत असतील तर एका दिवसात १/क्ष भाग काम होईल.

१/६ + १/१२ = १/क्ष

येथे तीन छेद आहेत : ६, १२ आणि क्ष. ह्या तिघांनी निःशेष भाग जाईल अशी लहानात लहान राशी १२क्ष. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला १२क्ष ने गुणा. पहिले पद २क्ष होते, दुसरे क्ष, आणि उजवीकडे १२ उरतात.

२क्ष + क्ष = १२, म्हणून क्ष = ४.

नेमके चार दिवस. व्यापाऱ्याची अट पुरी होत होती. मात्र मी तिला एक सावधगिरी सांगितली : तुझे बारा दिवस कोणते धरलेस? शाळा सांभाळून लागणारे, की सुटीतले? सुटीतले असतील तर शाळेच्या दिवसांत उत्तर चार येणार नाही. मुलगी हसली, तिने शाळा धरूनच बारा सांगितले होते. लॉट घेतला गेला.

ह्या समीकरणात छेदांमध्ये अव्यक्त राशी एकदाच, तीही एकटी आली, म्हणून ते सरळ सुटले. आता तोच प्रश्न उलटून पाहू. समजा, आईला किती दिवस लागतात हे ठाऊक नाही. एवढेच माहीत आहे की, मुलीला तिच्याहून सहा दिवस अधिक लागतात आणि दोघी मिळून चार दिवसांत काम उरकतात. आईचे दिवस क्ष मानले तर मुलीचे क्ष + ६.

१/क्ष + १/(क्ष + ६) = १/४

समान छेद ४क्ष(क्ष + ६). प्रत्येक पदाला त्याने गुणले की,

४(क्ष + ६) + ४क्ष = क्ष(क्ष + ६)

८क्ष + २४ = क्ष² + ६क्ष

क्ष² − २क्ष − २४ = ०

(क्ष − ६)(क्ष + ४) = ०

दोन मूळे आली : ६ आणि −४. उणे चार दिवसांत कोणी काम करीत नाही, म्हणून ते सोडले; आईचे दिवस सहा. परंतु वाचकांनी येथे थोडे थांबावे. −४ हे मूल्य मूळ समीकरणात घालून पाहा : −१/४ + १/२ = १/४. समीकरण तंतोतंत खरे ठरते! म्हणजे −४ हे समीकरणाचे खरे मूळ आहे. ते आपल्या प्रश्नाला लागू पडत नाही, इतकेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे दुसऱ्याच प्रकारचे एक त्याज्य मूळ यावयाचे आहे आणि विद्यार्थी ह्या दोहोंची हमखास गल्लत करतात.

त्याआधी तीन चुकांविषयी बोलतो. चाळीस-पन्नास वह्या तपासल्या की ह्या तिन्ही सापडल्यावाचून राहत नाहीत. पहिली अशी की, छेद असलेल्या पदांना गुणावयाचे आणि बाजूला उभा असलेला पूर्णांक तसाच सोडावयाचा. ३/क्ष + १ = ५/क्ष ह्यात क्ष ने गुणताना त्या बिचाऱ्या एकाला कोणी विचारीत नाही. ३ + १ = ५ असे लिहून मुले चकित होऊन बसतात. एकालाही गुणावयाचे असते; ३ + क्ष = ५, म्हणून क्ष = २. तराजूच्या दोन्ही पारड्यांतील प्रत्येक जिन्नस सारख्या पटीने वाढला तरच दांडी सरळ राहील.

दुसरी चूक तिरकस गुणाकाराची. एका बाजूला एकच अपूर्णांक व दुसऱ्या बाजूला एकच अपूर्णांक असेल तेव्हा तिरकस गुणाकार बरोबर आहे. तो समच्छेदाचाच आखूड मार्ग होय. परंतु डावीकडे दोन अपूर्णांकांची बेरीज असताना मुले मनाला येईल तसे तिरके बाण काढतात. आधी बेरीज करून एक अपूर्णांक करा, नाहीतर समान छेदाने सगळ्यांना गुणा. तिसरा मार्ग नाही.

तिसरी चूक माझ्या मते सर्वांत खोल आहे. ‘सोपे रूप द्या : १/क्ष + १/(क्ष + ६)’ असा प्रश्न येतो, आणि समीकरणांचा सराव झालेला विद्यार्थी येथेही छेद उडवितो आणि २क्ष + ६ असे उत्तर लिहितो. तेथे बरोबरचे चिन्हच नाही! एका बाजूला गुणले तर दुसऱ्या बाजूला गुणावयास कोणी नाही. राशीची किंमतच बदलली. पदावलीत छेद उडत नाही. तो समान करून खाली जपून ठेवावयाचा असतो. २क्ष + ६ हा अंश, आणि खाली क्ष(क्ष + ६) हा छेद तसाच राहिला पाहिजे. ‘छेद उडविणे’ हा शब्दप्रयोग आम्ही शिक्षकांनीच मुलांच्या तोंडी घातला, आणि त्याची ही फळे आहेत, असे मला पुष्कळदा वाटते. छेद उडत नाही. दोन्ही बाजूंना गुणून आपण त्याला बाहेर काढतो.

आता ते दुसरे त्याज्य मूळ. त्याच मुलीने परीक्षेत पुढील समीकरण सोडविले होते.

क्ष/(क्ष − २) + २/(क्ष + २) = ८/(क्ष² − ४)

तिने छेदांचे अवयव पाडले. क्ष² − ४ म्हणजे (क्ष − २)(क्ष + २). म्हणून समान छेदही तोच. मुले पुष्कळदा तिन्ही छेदांचा सरसकट गुणाकार करून बसतात आणि मग चौथ्या घातापर्यंत जाऊन पोहोचतात. तिने तसे केले नाही. गुणून तिने लिहिले :

क्ष(क्ष + २) + २(क्ष − २) = ८

क्ष² + ४क्ष − १२ = ०

(क्ष + ६)(क्ष − २) = ०

उत्तर : −६ आणि २. गुण कापले गेले. ती वही घेऊन माझ्याकडे आली तेव्हा डोळ्यांत पाणी होते. “सर, एकही पायरी चुकली नाही. मग उत्तर चुकीचे कसे?”

प्रश्न न्याय्य होता. मी तिला म्हटले, २ हे मूल्य पहिल्या ओळीत घालून पाहा. क्ष − २ शून्य होते. शून्याने भागावयाचे? ती पहिली ओळच क्ष = २ असताना अर्थहीन आहे. मग हे २ आले कोठून? ते तिच्या गुणाकारातून आले. दोन्ही बाजूंना (क्ष − २)(क्ष + २) ने गुणताना आपण मनात धरले की ही राशी शून्य नाही. क्ष जर २ असेल तर आपण शून्याने गुणले, आणि शून्याने गुणल्यावर काहीही काहीच्याही बरोबर होते. पाच आणि सात सारखे नाहीत; पण दोघांना शून्याने गुणा, दोन्हीकडे शून्य येईल. अशा गुणाकाराने खोट्याचे खरे होते. पायऱ्या बरोबर होत्या, एक पायरी कमी होती : उत्तर मुळात घालून पाहण्याची. −६ घाला. पहिले पद −६/−८ म्हणजे ३/४, दुसरे २/−४ म्हणजे −१/२, बेरीज १/४. उजवीकडे ८/३२ म्हणजे १/४. ते खरे मूळ.

आता दोन्ही त्याज्य मूळे शेजारी ठेवा. टिकल्यांच्या प्रश्नातले −४ हे समीकरणाला मान्य होते, संसाराला मान्य नव्हते. येथले २ हे समीकरणालाच मान्य नाही. केवळ समीकरण सोडवा असा प्रश्न असता तर −४ लिहावेच लागले असते. २ मात्र कधीच लिहिता येणार नाही. परीक्षेत ‘त्याज्य’ एवढाच शब्द लिहून भागत नाही. का त्याज्य, हे एका वाक्यात लिहावे. मी तर मुलांना सांगतो, गणित सुरू करण्यापूर्वीच समासात लिहून ठेवा : क्ष ≠ २, क्ष ≠ −२. चोर कोण हे आधी ठाऊक असले म्हणजे शेवटी पकडावयास श्रम पडत नाहीत.

त्या मुलीने रडू नये ह्यासाठी मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. शून्याने भागण्याच्या ह्याच जागी भास्कराचार्यांसारखा गणितीही अडखळला आहे. ‘लीलावती’ त्यांनी ११५० च्या सुमारास रचली. शून्य ज्याचा छेद आहे अशा राशीला ते ‘खहर’ म्हणतात. त्या ग्रंथात एक उदाहरण आहे : एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळविले, तिनाने गुणले, शून्याने भागले, तर ६३ आले; ती संख्या कोणती? भास्कराचार्य गुणणारे शून्य व भागणारे शून्य एकमेकांत उडवून टाकतात आणि उत्तर १४ देतात. आजच्या गणिताप्रमाणे हे चालत नाही. शून्याने गुणल्याबरोबर संख्येची ओळखच पुसली गेली, पुढे तिला परत आणणार कोण? ह्या उदाहरणात पुढील काळातील सीमेच्या कल्पनेचे बीज आहे, असेही काही अभ्यासक मानतात. ते असो. मुलीचे डोळे मात्र कोरडे झाले.

लीलावतीचे नाव निघाले आहे तर आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण हा सारा विषय तेथे नांदतो आहे. अपूर्णांकांचे छेद समान करण्याची रीत देताना भास्कराचार्य आधी परस्परांच्या छेदांनी गुणावयास सांगतात, आणि लगेच पुढे म्हणतात की, शहाण्याने छेदांना सामान्य भाजकाने संक्षेप देऊन मग गुणावे. हा लसाविचाच मार्ग. त्यांच्याही तीनशे वर्षे आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ह्याच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त ह्या लघुतम राशीला ‘निरुद्ध’ असे नावच दिले होते. लीलावतीतील भुंग्यांचे उदाहरण कित्येकांना आठवत असेल : थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्रावर, ह्या दोहोंच्या अंतराची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेत घुटमळत राहिला. १५ ने गुणले की ३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष, म्हणून भुंगे १५. आणि टिकल्यांच्या लॉटचे सख्खे भावंडही तेथे आहे : चार झरे एक हौद अनुक्रमे एका दिवसात, अर्ध्या दिवसात, तिसऱ्या भागात व सहाव्या भागात भरतात, सगळे एकदम सोडले तर? एका दिवसात १ + २ + ३ + ६ म्हणजे १२ हौद. म्हणून एका हौदाला दिवसाचा बारावा भाग. आठशे वर्षांपूर्वीचे झरे आणि सुरतेच्या घरातल्या दोन मायलेकी, समीकरण एकच.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळे खानदेशात आहेत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम नोंदवितो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, आणि १२०७ साली निकुंभ घराण्यातील स्थानिक अधिपतीने त्याला देणगी दिली, असे त्यात कोरले आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात, पण शेवटचा काही मजकूर त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकावयास येणाऱ्या मालावरील जे उत्पन्न राजाकडे जात असे ते मठाला दिले, असा त्याचा आशय. म्हणजे बाजारातल्या देवघेवीतून गणिताची शाळा चालली होती. देणगीदारांच्या यादीपुढे हा पाठ छापला जाणार आहे, म्हणून सांगितले.

भाषेची एक अडचण राहिली. आपली पुष्कळ मुले महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून पुढे गुजराती माध्यमात जातात. अंश आणि छेद दोन्ही भाषांत तेच. पण मराठीत ‘लसावि’, म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, आणि ‘मसावि’, म्हणजे महत्तम साधारण विभाजक, गुजरातीत ‘ल.सा.अ.’ आणि ‘गु.सा.अ.’. दोहोंच्या शेवटी अ. पहिल्याचा अ ‘अवयवी’चा, दुसऱ्याचा ‘अवयव’चा. नवे मूल येथे गोंधळते आणि छेद समान करताना मोठी राशी घ्यावयाची तेथे सामाईक अवयव शोधीत बसते. ते मूल गणितात कच्चे नसते, शब्दात अडकलेले असते. आईवडिलांनी त्याला रागे भरण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे : ह्या शब्दाचा अर्थ तुला काय सांगितला?

आता पेन्सिल घ्या. गावाचे अंतर २४० किलोमीटर आहे असे समजा. गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरने वाढविला तर एक तास वाचतो. मूळ वेग किती? २४०/क्ष − २४०/(क्ष + २०) = १ ह्यापासून सुरुवात करा; उत्तर ६० येईल. दुसरे मूळ −८० येते. ते कोणत्या जातीचे त्याज्य आहे, तेही लिहा.

सोसायटीच्या टाकीला दोन नळ आहेत. एक ती चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, आणि खालची गळती भरलेली टाकी बारा तासांत रिकामी करते. तिन्ही चालू असता टाकी किती वेळात भरेल? उत्तर तीन तास. गळतीचे पद वजा आहे, हे विसरू नका.

शेवटचे, २/(क्ष − १) + १ = २क्ष/(क्ष − १), हे सोडविताना समास आधी भरा. ह्याचे उत्तर मी येथे देत नाही. रविवारी वर्गात ज्या मुलाने वहीत ‘उकल नाही’ असे लिहून पुढे कारणही लिहिलेले असेल, त्याचे गणित मी बरोबर धरीन.